सासऱ्यांना फोर्ट मायर्सच्या 'एको'च्या शेतावर न्यावं का?

तासगावची_सून
आई-अण्णा (सासूबाई-सासरे) जानेवारीत आमच्याकडे टँपाला येताहेत. मागच्या खेपेला डिस्नेला नेलं तर अण्णा दिवसभर बाकावर बसून, आणि संध्याकाळी म्हणाले, "इथं माती कुठं दिसंनाच की गं." जन्मभर द्राक्षबाग सांभाळलेला माणूस! नॉर्थ फोर्ट मायर्सला एको नावाच्या संस्थेचं शेत आहे म्हणे. गरीब देशांतल्या शेतकऱ्यांना उपयोगी पडेल असं बियाणं आणि शेतीच्या पद्धती तिथे बघायला मिळतात. कुणी गेलंय का? अण्णांचा गुडघा दुखतो, इंग्रजी यथातथाच. दोन तास गाडी हाकण्यासारखं आहे का?

वाटाण्याची_उसळ
डोळे मिटून जा. पण नजर पोचेल तिथवर पीक, असं काही डोक्यात असेल तर ते काढून टाका. छोटे छोटे तुकडे आहेत आणि एकेका तुकड्यावर एकेक अडचण मांडलीय: डोंगरउतार, कमी पावसाची जमीन, दमट सखल भाग, शहरातली जागेची टंचाई. मला उताराचा तुकडा सगळ्यात आवडला. द्विदल झुडपांच्या दाट आडव्या ओळी, मधल्या पट्ट्यांत पिकं. झुडपं छाटायची, पाला तिथेच टाकायचा. माती अडते आणि खतही होतं. ही रीत फिलिपिन्सच्या मिंदानाओ बेटावरची. शहरी भागात जुन्या टायरमध्ये भाजी.
माझी आई मात्र शेवग्यापाशीच थबकली. गाइड पानांतली प्रथिनं, अ जीवनसत्त्व समजावतोय आणि ही माझ्या कानात, "शेंगांचं काय करतात ते विचार ना."

शंकासुर
शेवगा, तूर, वाल बघायला दोन तास? अण्णांच्या बांधावरच असेल की सगळं. आणि फ्लोरिडात शेवगा लावून आफ्रिकेतली भूक कशी भागते, हे मला अजून कळलेलं नाही.

उंबराचं_फूल
@शंकासुर, तिथून धान्य जात नाही. बियाणं जातं आणि माहिती जाते. त्यांची बियाण्यांची बँक आहे. परदेशात खेड्यापाड्यांत काम करणाऱ्यांना चाचणीपुरतं पाकीट मिळतं. तिथल्या मातीत जमलं तर पुढचं बी शेतकऱ्यानं स्वतःच धरायचं, दरवर्षी हात पसरायला नको. १९८१ मध्ये मार्टिन प्राइस यांनी सूत्रं घेतली, तेव्हापासून कामाला हे वळण लागलं. आता टांझानियात अरुशाला आणि थायलंडात चियांग माईलाही केंद्रं आहेत. फोर्ट मायर्समध्ये उन्हाळ्यात धो धो पाऊस, हिवाळा कोरडा आणि थंडी बेताची, त्यामुळे उष्ण प्रदेशातली झाडं तग धरतात.
संस्था ख्रिस्ती आहे, बोलण्यात तसे उल्लेख येतात. आम्हाला खटकलं नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.
अण्णांना नवी वाटेल अशी एक भाजी म्हणजे चाया. मूळ मेक्सिकोकडची, एकदा लावली की वर्षानुवर्षं पानं देते. मात्र कच्ची खायची नाही, पानांत सायनाइड तयार होतं, नीट उकळूनच घ्यायची. आणि त्यांना हातपंप, कमी लाकडात चालणाऱ्या चुली ठेवल्यात तिकडे न्या. भाजीपेक्षा तिथेच जास्त रमतील.

वाटाण्याची_उसळ
गाइडबरोबर फिरायचं तर वेळ बघून आधी नोंदणी करा आणि गुडघ्याचं फोनवर सांगून ठेवा. जानेवारी उत्तम, पावसाळ्यात डास फोडून खातात. टोपी न्या. भाषांतर तुम्हालाच करावं लागणार, तेव्हा पोरांना घरी ठेवता आलं तर बघा.
नर्सरीतून रोपं घ्या, पण तुमच्या अंगणासाठी. अण्णांच्या बॅगेत काडी किंवा बी अजिबात नको. भारतात न्यायला आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. माझ्या मावशीचं एक पुडकं मुंबईला विमानतळावरच राहिलं.
येताना एडिसनच्या हिवाळी घरी थांबा. तिथला वड बघून आईंना बरं वाटेल.

तासगावची_सून
सगळ्यांचे आभार! जायचं ठरलं. अण्णांना फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न, "बोरला पाणी किती फुटावर लागतंय तिथं?" हेही कुणाला माहीत असलं तर सांगा बाई, नाहीतर तेही मलाच गाइडला विचारावं लागणार.