फॉकनर शिकवताना तक्ता आधीच द्यावा का?

रानवाट
धाकट्या बहिणीला एम.ए.ला अमेरिकन लेखक विल्यम फॉकनरची 'द साउंड अँड द फ्युरी' (१९२९) ही कादंबरी लागली आहे. सरांनी पहिल्याच तासाला तक्ता वाटला: कुठला परिच्छेद कुठल्या सालातला, कोण कुणाचा कोण. माझ्या मते इथेच पुस्तक मेलं.

पहिला भाग बेंजीचा. वय ३३, बोलता येत नाही, काल-आज यांतला फरक कळत नाही. कुंपणापलीकडे गोल्फ खेळणारे 'कॅडी' म्हणून पोऱ्याला हाक मारतात आणि हा रडू लागतो. का, ते कळायला पुष्कळ पानं जातात. कॅडी म्हणजे त्याची घरातून गेलेली बहीण. आणि ते मैदान म्हणजे यांचंच कुरण, थोरल्या भावाला, क्वेंटिनला, हार्वर्डला धाडायला विकलेलं. हे आपलं आपल्याला जुळतं तेव्हा पोटात तुटतं. तक्त्यात ती एक ओळ असते.

चष्मेबहाद्दर
मास्तरांना नावं ठेवणं सोपं आहे हो. वर्गात साठ पोरं, कादंबरीला दोन आठवडे. तक्ता नसता तर निम्म्यांनी दहाव्या पानावर पुस्तक मिटून यूट्यूबवर सारांश पाहिला असता. दोन क्वेंटिन, एक मामा, एक भाची, म्हणजे कॅडीची मुलगी. दोन जेसन, बाप नि लेक. बेंजीचं मूळ नाव मॉरी, तेही त्याच्या मामाचंच. कुणाचं डोकं ठिकाणावर राहील?

शिवाय फॉकनरला स्वतःलाच वेगवेगळे काळ रंगीत शाईत छापून हवे होते. १९४५ साली त्यानं या घराण्याचं परिशिष्टही लिहून दिलं. लेखकाला चालतं, तुम्हाला चालत नाही?

रानवाट
परिशिष्ट सोळा वर्षांनंतरचं, आणि कादंबरीशी धड जुळतही नाही. कादंबरीत भाची नासपतीच्या झाडावरून उतरून पळते, परिशिष्टात पन्हळीवरून! रंगांचं म्हणाल, तर 'इथे काळ बदलला' एवढंच रंग सांगतो, साल सांगत नाही. संपादक मित्र बेन वॉसन यानं बेंजीच्या भागातला, काळ बदलल्याची खूण म्हणून वापरलेला तिरपा टाइप काढून मोकळ्या ओळी घातल्या, तर फॉकनरनं तिरपा टाइप परत घालायला लावला. इशारा द्यायचा, उत्तर नाही.

निंबोणी
भांडू नका. बेंजीला सांभाळतोय कोण, ते बघा. व्हर्श असेल तर बेंजी लहान, टी.पी. असेल तर जरा मोठा, लस्टर असेल तर १९२८. किल्ली पुस्तकातच आहे. सरांनी एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं.

उंबरठा
वा! म्हणजे तीन माणसांचं तुम्ही घड्याळ केलंत. हे तिघे स्वयंपाकीण डिल्सीच्या घरचे, काळे, या गोऱ्या घरात राबणारे. तिन्ही गोऱ्या भावांना स्वतःचा 'मी' मिळतो. यांच्यातल्या एकालाही नाही. 'डिल्सीचा भाग' म्हणतात तो चौथा भागसुद्धा तृतीयपुरुषी. मिसिसिपीतली कादंबरी शिकायची आणि हे विचारायचं नाही? मग तक्ता देऊन वाचा नाहीतर न देता, ते कोडंच राहणार.

चष्मेबहाद्दर
उंबरठा, मुद्दा शंभर टक्के मान्य. पण कोण कुणाच्या घरचा हे कळल्याशिवाय तो वर्गात मांडणार कसा? फिरून तक्त्यावरच आलो की.

दौत
मी हौसेखातर बेंजीची थोडी पानं मराठीत करून पाहिली. एक गंमत झाली. गोल्फवाला 'कॅडी' आणि बहीण कॅडी यांचं स्पेलिंग इंग्रजीत वेगळं, त्यामुळे वाचणाऱ्याला फरक दिसतो. देवनागरीत दोन्ही 'कॅडी'च. बेंजीला ऐकू येतं तस्संच.

क्वेंटिनपाशी मात्र अडकले. इंग्रजीत सर्वनाम येईपर्यंत मामा की भाची ते झाकून ठेवता येतं. मराठीत 'आला' की 'आली' लिहावंच लागतं. क्रियापदच तक्ता वाटून मोकळं.

निंबोणी
कर्मणी प्रयोग करा ना. 'क्वेंटिननं दार लावलं.' कोण ते कळणार नाही.

दौत
तेच करतेय. पण घरात आल्यापासून क्वेंटिन नुसती दारंच लावत सुटलंय, त्याचं काय करू?