डॉ. जॉन रँडल यांच्या नावाने लागोसमध्ये पोहण्याचा तलाव का?

प्रश्न
नायजेरियातील लागोस शहराच्या ओनिकान भागातील योरुबा (तिथला एक मोठा लोकसमूह) संस्कृतीच्या केंद्राला जॉन रँडल यांचे नाव आहे आणि त्याच आवारातील पोहण्याचा तलावही त्यांच्याच नावाचा आहे. ते डॉक्टर होते एवढेच मला ठाऊक आहे. मग तलाव का, आणि राजकारणात ते कसे शिरले?

प्रतिसाद १
रँडल यांचा जन्म 1855 मध्ये सिएरा लिओनमधील रीजंट गावी झाला. वडील गुलामीतून सुटलेले, मूळचे योरुबा. एडिंबरा विद्यापीठातून 1888 मध्ये वैद्यकीची पदवी घेऊन ते लागोसला ब्रिटिश वसाहतीच्या सरकारी नोकरीत लागले, परंतु तेच काम करणाऱ्या गोऱ्या डॉक्टरांपेक्षा कमी पगार मिळणे त्यांना सोसवले नाही आणि काही वर्षांतच त्यांनी स्वतःचा दवाखाना थाटला. (पत्नी व्हिक्टोरिया डेव्हिस या साक्षात व्हिक्टोरिया राणीच्या धर्मकन्या, तरी राणीचे सरकार पगारात मात्र रंगच पाहत होते.) 1902 मध्ये तर पश्चिम आफ्रिकेच्या सरकारी वैद्यकीय सेवेचे दार आफ्रिकी डॉक्टरांना अधिकृतपणेच बंद झाले. 1908 मध्ये रँडल आणि डॉ. ओरिसादिपे ओबासा यांनी ‘पीपल्स युनियन’ ही राजकीय संघटना स्थापन केली. नळाच्या पाण्याची योजना मुख्यतः युरोपीय वस्तीच्या सोयीची आणि तिची पट्टी मात्र सर्वांच्या माथी, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

प्रतिसाद २
वरील माहिती बरोबर असली, तरी त्यावरून रँडल यांना कोणी लोकनेता म्हणणार असेल, तर ते बिरुद मी जरा जपून वापरेन. पुढे रँडल आणि ओबासा पाणीपट्टीबाबत नरमले, सामान्य जनता लागोसचे राष्ट्रवादी नेते हर्बर्ट मॅकॉले यांच्यामागे गेली आणि 1923 च्या निवडणुकीत लागोसच्या तिन्ही जागा मॅकॉले यांच्या पक्षाने जिंकल्या. शिकल्यासवरल्यांच्या दिवाणखान्यातून संघटना बाहेर पडलीच नाही, असे माझे मत आहे.

प्रश्नकर्ता
आणि तलाव?

प्रतिसाद १
लागोस खाडीकाठचे शहर असल्याने बुडून मरणाऱ्यांची संख्या मोठी होती. मुलांना पोहायला शिकवण्यासाठी तलाव बांधावा ही सूचना सरकारने मानली नाही, तेव्हा रँडल यांनी तो स्वखर्चाने बांधला. तो 1928 मध्ये तयार झाला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. सिएरा लिओनच्या फौरा बे कॉलेजात विज्ञान शिकवले जावे, यासाठीही त्यांनी मृत्युपत्रात तरतूद केली होती. प्रतिसाद २ मधील आक्षेप मला मान्य आहे, परंतु पीपल्स युनियन त्यांच्याबरोबरच संपली आणि तलाव मागे राहिला.