लक्झेंबर्ग : दरडोई उत्पादन आणि प्रत्यक्ष जीवनमान

प्रश्न
दरडोई देशांतर्गत उत्पादनाच्या क्रमवारीत लक्झेंबर्ग वर्षानुवर्षे अग्रभागी असतो. मात्र नोकरी असूनही दारिद्र्याच्या छायेत जगणाऱ्यांचे प्रमाण तेथे युरोपीय संघातील बहुतेक देशांपेक्षा अधिक आहे, असे वाचनात आले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात?

प्रतिसाद १
भागाकारात भाजक कोणता घेतला आहे, ते आधी पाहावे. तेथील नोकरदारांपैकी जवळपास निम्मे, म्हणजे दोन लाखांहून अधिक लोक, रोज फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून कामाला येतात व संध्याकाळी परततात. त्यांच्या श्रमाचे मूल्य उत्पादनात मोजले जाते. लोकसंख्येत मात्र ते नसतात. त्यामुळे दरडोई आकडा फुगतो. राहणीमानाबद्दल बोलायचे असेल, तर राष्ट्रीय उत्पन्न किंवा कुटुंबाचा प्रत्यक्ष उपभोग पाहणे मला अधिक योग्य वाटते.

प्रतिसाद २
दारिद्र्याची रेषा तेथे सापेक्ष आहे, हेही लक्षात घ्यावे : मध्यक उत्पन्नाच्या (म्हणजे निम्मे लोक ज्याच्या खाली आणि निम्मे ज्याच्या वर असतात, त्या उत्पन्नाच्या) ६० टक्क्यांखाली असलेली व्यक्ती दारिद्र्याच्या जोखमीत धरली जाते आणि मध्यकच उंच असल्याने रेषाही उंच जाते. म्हणून हा प्रश्न केवळ आकड्यांचा खेळ ठरवणे मात्र चुकीचे होईल. किमान वेतन युरोपात सर्वांत वरच्या पातळीवर आहे आणि महागाईनुसार वेतन आपोआप वाढते. तरी घरभाड्याचा भार अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना पेलवत नाही. २९ फेब्रुवारी २०२० पासून सार्वजनिक वाहतूक मोफत झाली, हा दिलासा खराच, पण घरभाड्यापुढे तो लहान आहे.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. मग सीमेपलीकडून येणाऱ्यांचे जीवन कोणत्या पाहणीत दिसते?

प्रतिसाद १
कुटुंबांच्या नेहमीच्या पाहणीत ते दिसत नाहीत, आणि माझ्या मते हीच तेथील संशोधनाची सर्वांत अवघड बाजू आहे. १९८५ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत त्याच त्या कुटुंबांना दरवर्षी भेटून माहिती घेतली जात असे, पण ती कुटुंबे देशातच राहणारी होती. बेलव्हाल येथे, जुन्या पोलाद कारखान्याच्या परिसरात, आज सामाजिक-आर्थिक संशोधनाची लिझर ही संस्था आहे. सीमापार कामगारांचा प्रवास, त्यांचे वेतन आणि त्यांचा खर्च कोणत्या देशात होतो, हे तिच्या अभ्यासाचे विषय आहेत. आपण वाचन तेथून सुरू करावे आणि प्रत्येक तक्त्याखाली ‘निवासी’ की ‘कार्यरत’ लोकसंख्या धरली आहे, ते तपासावे.