०.८ मिमी पत्र्यात एम५ रिव्हेट नट फिरतोय, मदत हवी आहे

०.८ मिमी सीआरसीए (कोल्ड रोल्ड स्टील) पत्र्याची पावडर कोटिंग केलेली पेटी आहे. झाकणासाठी गुळगुळीत गोल बॉडीचे, स्टीलचे एम५ रिव्हेट नट (पत्र्याच्या एकाच बाजूने दाबून बसवायचे आट्यांचे नट) ७ मिमी भोकात हँड टूलने बसवले. बोल्ट दोन-तीनदा काढला की नट जागच्या जागी गरगरतो.

साध्या ड्रिलने पातळ पत्र्यात भोक तिकोनी पडतं, म्हणून स्टेप ड्रिल वापरलं, बरही (कडेचे धारदार कंगोरे) काढली. नटाच्या कॉलरखालचं (पत्र्यावर टेकणाऱ्या कडेखालचं) कोटिंग खरवडलं, कारण ते दबलं की पकड सैल होते. फरक पडला, पण पुरेसा नाही.

मागून हात जात नाही, त्यामुळे वेल्ड नट किंवा प्रेस नट (पत्र्यात दाबून बसवायचा) बाद. रंग झालाय, म्हणजे वेल्डिंगही नाही. एकूण ४० भोकं.

एवढ्या पातळ पत्र्यात नर्लिंगवाली (बाहेरून खाचा पाडलेली) बॉडी टिकेल, की षटकोनी बॉडी घेऊन भोकंही षटकोनी पंच करावीत?