मदत हवी आहे: स्वमग्न मुलासाठी गोठ्यातील प्राण्यांचा सहवास

माझा नऊ वर्षांचा भाचा स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे; अनोळखी माणसांत तो गप्प राहतो, पण आजोळच्या गोठ्यात शेळीला पाला भरवताना त्याची अस्वस्थता ओसरते आणि तो स्वतःहून बोलू लागतो. न्यूयॉर्क राज्यातील ब्रूस्टर येथे १९४७ मध्ये सुरू झालेल्या ग्रीन चिमनीज या संस्थेत भावनिक अडचणी असलेल्या मुलांना शेतावरील प्राण्यांच्या सहवासातून आधार दिला जातो. चारा-पाण्याचे रोजचे ठरलेले काम आणि आपल्यावाचून कोणाचे तरी अडते ही जाणीव, हे मला त्यात सर्वांत मोलाचे वाटते. पुणे किंवा सातारा परिसरात व्यवसायोपचार तज्ज्ञांच्या (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजच्या कामांतून उपचार करणाऱ्यांच्या) देखरेखीखाली असे काम कुठे चालते का? शिवाय, ब्रुसेलोसिससारखा आजार शेळ्यांपासून माणसाला होऊ शकत असल्याने, त्यांची कोणती तपासणी किती काळाने करून घ्यावी, हे समूहातील पशुवैद्यकांनी कृपया सांगावे.