सोल्डरची निवड आणि सफाईनंतर बोर्डवर उरणारा पांढरा थर

प्रश्न

पीएच मोजण्याच्या काचेच्या इलेक्ट्रोडसाठी मी एक लहान ॲम्प्लिफायर हाताने सोल्डर करून तयार केला आहे. त्यासाठी ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असलेली, रोझिन फ्लक्स (धातूचा पृष्ठभाग साफ करून सोल्डर नीट पसरू देणारा राळेचा पदार्थ) भरलेली वायर वापरली. आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून ब्रशने घासल्यावर पिवळसर फ्लक्स निघून जातो. परंतु अल्कोहोल वाळताच सर्वत्र पांढरट थर दिसू लागतो, आणि हवा दमट असली की रीडिंग सरकत राहते. शिसेविरहित सोल्डर घेतल्याने हा त्रास कमी होईल का, आणि नो-क्लीन फ्लक्स (ज्याचा अवशेष न धुता तसाच ठेवता येतो असे म्हणतात) वापरल्यास सफाई पूर्णपणे टाळता येईल का?

प्रतिसाद १

सोल्डरचा मिश्रधातू आणि त्यातील फ्लक्स या दोन गोष्टींचा विचार वेगवेगळा करावा, कारण आपल्या तक्रारीचा संबंध मिश्रधातूशी नसून फ्लक्सशी आहे.

मिश्रधातूच बदलायचा असेल, तर हातकामासाठी ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसे) अधिक सोयीचे, कारण ते १८३ अंश सेल्सिअसला एकदमच वितळते आणि एकदमच गोठते. ६०/४० मात्र त्याच्या वर काही अंशांपर्यंत अर्धवट घट्ट अवस्थेत राहते, आणि त्या क्षणी तार हलली तर जोड बिघडतो. शिसेविरहित प्रकारांत ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबे असलेले सॅक-३०५ सुमारे २१७ ते २२० अंशांना, तर चांदी नसलेले कथील-तांबे २२७ अंशांना वितळते. त्यासाठी सोल्डरिंग आयर्न अधिक गरम ठेवावे लागते, आणि तितक्या उष्णतेत फ्लक्स लवकर करपून काढायला अवघड होतो. उपकरणांतील शिशासारख्या घातक पदार्थांवरचे युरोपीय संघाचे रोह्स निर्बंध जुलै २००६ पासून लागू झाले. विक्रीच्या उत्पादनाला असा नियम लागू असल्यास निवडीचा प्रश्नच उरत नाही, परंतु एखाद्या प्रयोगाच्या बोर्डसाठी ६३/३७ घेऊन काम झाल्यावर हात स्वच्छ धुणे हे मला अधिक व्यवहार्य वाटते.

प्रतिसाद २

पांढऱ्या थराचे कारण बहुधा अर्धवट सफाई हेच आहे. अल्कोहोलमध्ये रोझिन विरघळते, पण ते बोर्डवरून आपोआप नाहीसे होत नाही. ब्रशने ते अधिक जागेवर पसरते, अल्कोहोल उडून जाते, आणि रोझिनच्या आवरणात अडकून असलेले सक्रियकाचे (फ्लक्सला तीव्र करणाऱ्या घटकाचे) क्षार आता उघडे पडतात. म्हणूनच अर्धवट पुसलेला बोर्ड कित्येकदा मुळीच न पुसलेल्या बोर्डपेक्षा वाईट ठरतो. ब्रशने फ्लक्स सुटा केल्यानंतर बोर्ड ओला असतानाच तिरका धरून त्यावरून ताजे, ९९ टक्क्यांचे अल्कोहोल वाहू द्यावे, किंवा धागे न सुटणारे कापड बोर्डवर ठेवून त्यावरूनच ब्रश फिरवावा, म्हणजे विरघळलेला मळ कापडात शोषला जाईल. शेवटचा हात नेहमी स्वच्छ अल्कोहोलचाच असावा.

आपल्या परिपथात याला इतके महत्त्व का, हे आकड्यांवरून स्पष्ट होते. काचेच्या इलेक्ट्रोडचा रोध १०० मेगाओहम धरला आणि ५ व्होल्टच्या रेषेपासून इनपुटपर्यंत मळातून १०० गिगाओहमची वाट तयार झाली, तर ५० पिकोॲम्पिअर विद्युतधारा झिरपते आणि इनपुटवर ५ मिलिव्होल्टची चूक येते. पीएचच्या एका एककाला २५ अंश सेल्सिअसवर सुमारे ५९ मिलिव्होल्ट मिळतात, त्यामुळे ही चूक ०.०८ पीएचच्या आसपास जाते. दमट हवेत क्षार पाणी ओढून घेतात आणि तो रोध याहून कितीतरी खाली येतो. एलईडी लुकलुकवणाऱ्या बोर्डवर हाच थर वर्षानुवर्षे राहिला तरी बहुधा कोणाच्या लक्षातही येणार नाही.

नो-क्लीनबाबत सांगायचे, तर त्याचा अवशेष निरुपद्रवी राहतो तो पुरेसा तापला असेल तरच. बाटलीतून सढळ हाताने लावलेला, पण आयर्नची उष्णता न पोहोचलेला फ्लक्स सक्रियच राहतो. शिवाय काही नो-क्लीन अवशेष केवळ अल्कोहोलने नीट निघत नाहीत, त्यामुळे अशा इनपुटसाठी साधे, सौम्य रोझिन घेऊन ते पूर्ण धुणे मी पसंत करेन. पाण्यात विरघळणारा फ्लक्स अधिक तीव्र असतो. तो वापरल्यास शुद्ध पाण्याने लगेच धुणे अनिवार्य आहे.

प्रश्नकर्ता

बोर्डवर एक उघडा ट्रिमपॉट (फिरवून जुळवायचा लहान बदलता रोध) आणि एक कनेक्टरही आहे. संपूर्ण बोर्ड अल्कोहोलमध्ये बुडवला तर चालेल का?

प्रतिसाद २

बुडवू नये. विरघळलेले रोझिन ट्रिमपॉटच्या घासपट्टीवर आणि कनेक्टरच्या पिनांवर जाऊन वाळते, आणि मग जो दोष निर्माण होतो तो शोधणे फार कठीण असते. हे दोन भाग काढून ठेवावेत, बोर्ड धुऊन पूर्ण वाळवावा, त्यानंतर ते बसवून फक्त त्यांच्या जोडांभोवतीची जागा कापडाने पुसावी. इनपुटच्या पिनभोवती गार्ड रिंग (झिरपणारी विद्युतधारा अडवणारे, इनपुटच्याच व्होल्टेजवर ठेवलेले तांब्याचे कडे) नसेल, तर ती पिन पॅडवर न टेकवता टेफ्लॉनच्या खुंटीवर उचलून जोडणे हाही एक चांगला मार्ग आहे. धुतल्यानंतर बोर्डला, विशेषतः इनपुटच्या भागाला, उघड्या बोटांनी स्पर्श करू नये, कारण घामातही क्षार असतात.