रोनाल्डोला बेंचवर बसवलं त्या रात्री तुम्ही कुठे होता? (अनुभव धागा)

पेठेतला

काल फोनवर तो फोटो परत समोर आला. लुसैल स्टेडियम, ६ डिसेंबर २०२२, पोर्तुगाल विरुद्ध स्वित्झर्लंड, वर्ल्डकपची बाद फेरी. अकरा जण मैदानात तयार, आणि फोटोग्राफरांचा घोळका मात्र मैदानाकडे पाठ करून बेंचसमोर दाटलेला. बेंचवर रोनाल्डो. फोटो बघितला आणि ती सगळी रात्र डोळ्यांपुढे आली.

आपल्याकडे मॅच रात्री साडेबाराला होती. कोल्हापुरात आमच्या मंडळाच्या खोलीत पडदा लावला होता. टीमशीट आली तेव्हा कुणाचा विश्वासच बसेना. रोनाल्डो नाही, त्याच्या जागी गोन्सालो रामोस. २१ वर्षांचा पोरगा, देशाकडून आधी एकदाही सुरुवातीच्या अकरात नव्हता. आमच्यातला एक जण तडक उठला, चप्पल घातली आणि घरी गेला. बाकीच्यांनी कोच फर्नांडो सांतोसच्या सात पिढ्या काढल्या. सतराव्या मिनिटाला रामोसनं इतक्या चिंचोळ्या कोनातून वरच्या जाळीत गोल मारला की खोली क्षणभर गप्प, आणि मग एकच आरडाओरडा. ६-१ नं संपली मॅच. रामोसचे तीन.

चारच दिवसांनी मोरोक्कोविरुद्ध पुन्हा तोच निर्णय, आणि पोर्तुगाल १-० नं घरी. झालं, आदल्या मॅचला सांतोसला डोक्यावर घेणारे लोकच त्याला शिव्या घालायला लागले. माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे: निर्णय दोन्ही वेळा बरोबर होता. कोचला निकाल आधी माहीत नसतो. त्याच्यासमोर त्या आठवड्याचा सराव, खेळाडूंचे पाय आणि समोरची टीम एवढंच असतं. त्यावरच त्याला तोला.

तुम्ही कुठे होता, काय वाटलं ते लिहा. आणि तुम्हाला स्वतःला कुणी बेंचवर बसवलं असेल, किंवा तुम्ही कुणाला बसवलं असेल, तर तेही लिहा.

रात्रपाळी

कंपनीत होतो, तिसरी शिफ्ट. फोन मशीनच्या मागे टेकवून ठेवला होता, अडकत अडकत चाललेला. सुपरवायझर आले, म्हटलं आता गेलो. तर म्हणाले, "किती झाले रे?" मग दोघं मिळूनच बघितली.

सीआर७भक्त

मला हा विषय आजही सहन होत नाही. ज्या माणसानं पाच वर्ल्डकपमध्ये गोल केले (पुरुषांत आधी कुणीच केलं नव्हतं, घानाविरुद्धची पेनल्टी आठवा), ज्यानं २०१६ ला युरो जिंकून दिला, त्याला असं सगळ्या जगासमोर बसवायचं? आणि मोरोक्कोविरुद्ध तो आला कधी, तर ५१ व्या मिनिटाला, एक गोल खाऊन झाल्यावर. मॅच संपल्यावर तो एकटाच रडत बोगद्यात गेला तेव्हा मी टीव्ही बंद केला. आई उठून आली, काही न बोलता शेजारी बसली.

लेफ्टबॅक

पेठेतला, +१००.

भावना बाजूला ठेवून बघा. गटातल्या मॅचमध्ये समोरच्या टीमचे सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू, बॉल घेऊन निवांत वर येत होते, कारण रोनाल्डो ३७ व्या वर्षी त्यांच्यावर धावून जात नव्हता. रामोस सतत धावत होता. तो बचावफळीला मागे खेचायचा, मग मध्ये मोकळी जागा तयार व्हायची आणि तिथे ब्रुनो आणि फेलिक्स बॉल घ्यायचे. रोनाल्डो असला की प्रत्येक जण आधी त्याला शोधतो. त्या रात्री बॉल जिथे जायला हवा तिथे जात होता.

आणखी एक. त्याच रात्री कॅन्सेलोलाही बसवलं होतं, त्याच्या जागी दालो खेळला. रूबेन नेव्हेसही बाहेर. त्यांच्यासाठी कुणी अश्रू ढाळले? सांतोसनं एका माणसाला शिक्षा केली नाही, टीम बदलली.

सीआर७भक्त

@लेफ्टबॅक मग कोरियाविरुद्ध ६५ व्या मिनिटाला बाहेर काढलं तेव्हा तो वैतागला, आणि सांतोसनं पत्रकारांसमोर सांगितलं की मला ते अजिबात आवडलं नाही. लगेच पुढच्या मॅचला बेंच. ही शिक्षा नाही तर काय?

लेफ्टबॅक

सांतोसनं तो विषय मिटल्याचंही सांगितलं होतं. पण तुमचं दुःख समजतं. युरोच्या फायनलला पंचविसाव्या मिनिटाला त्याला जायबंदी होऊन बाहेर यावं लागलं, तेव्हा मीही रडलो होतो. शेवटी गोल कुणी मारला? बेंचवरून आलेल्या एदेरनं, १०९ व्या मिनिटाला. कोच तोच, सांतोस.

दोहाकर

मी लुसैलमध्ये होतो! ऑफिसातल्या मल्याळी मित्राकडे जास्तीचं तिकीट होतं. आमच्या स्टँडमध्ये निम्म्यांच्या अंगावर ७ नंबरचा लाल शर्ट. मोठ्या पडद्यावर रोनाल्डोचा चेहरा आला की मैदानावर काय चाललंय ते सोडून सगळे ओरडायचे. दुसऱ्या हाफमध्ये ४-५ गोल झालेले असताना अख्खं स्टेडियम त्याच्या नावाचा गजर करत होतं. टीव्हीवर ते किती ऐकू आलं माहीत नाही, तिथे कानठळ्या बसत होत्या.

सत्तर मिनिटं उलटल्यावर तो उतरला. पेपे कॅप्टन होता, त्यानं दंडाची पट्टी काढून त्याला बांधली. मग रोनाल्डोनं एकदा बॉल जाळीत मारला, आम्ही सगळे उभे, शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली, आणि ऑफसाइडचा झेंडा वर.

परतीच्या मेट्रोच्या रांगेत दोन पोर्तुगीज म्हातारे भेटले. एक म्हणत होता आत्ता आपण चॅम्पियन होणार, दुसरा मान हलवत होता, की कॅप्टनला असं वागवत नाहीत. देश जिंकलाय ६-१ नं आणि हे दोघे स्टेशन येईपर्यंत भांडतायत.

मडगावची

आमच्या घरात पोर्तुगाल हा विषय नाजूक. आजोबांनी पोर्तुगीज राजवट पाहिलेली. पोर्तुगालची मॅच लागली की ते उठून बाल्कनीत जात. आणि आमचा दादा रोनाल्डोचा एवढा भक्त की २०२१ च्या डिसेंबरात कळंगुटला पुतळा बसला तेव्हा दुसऱ्याच दिवशी फोटो काढायला गेला. तिथे काळे झेंडे घेऊन लोक उभे. मुक्तीला साठ वर्षं झाली त्याच वर्षी पोर्तुगीज खेळाडूचा पुतळा कशाला, आपल्या गोव्याच्या खेळाडूंचा का नाही, असं त्यांचं म्हणणं. आजोबांना ते शंभर टक्के पटलं. दादाचं म्हणणं, फुटबॉलला पासपोर्ट नसतो. आठवडाभर दोघांत अबोला.

तर मोरोक्कोच्या मॅचला, शनिवारी रात्री, आजोबा पहिल्यांदाच शेवटपर्यंत टीव्हीसमोर बसले. एन-नेसिरीनं एवढी उंच उडी मारून हेडर केला, तेव्हा टाळ्या वाजवल्या त्यांनी. पण रोनाल्डो रडत आत गेला तेव्हा दादाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "त्याला पहिल्यापासून घ्यायला हवा होता."

रात्रपाळी

मडगावची, आजोबांना नमस्कार सांगा.

मडगावची

गेल्या वर्षी गेले ते. पण सांगते दादाला, बरं वाटेल त्याला.

मेस्सीवेडा

बेंचचा विषय निघालाय तर २००६ चा वर्ल्डकप विसरू नका. ३० जून, बर्लिन, अर्जेंटिना-जर्मनी. आयालाच्या हेडरनं आपण १-० नं पुढे. आपला कोच पेकरमननं ७२ व्या मिनिटाला रिकेल्मेला काढलं, नंतर क्रेस्पोला काढून हुलियो क्रूझला घातलं. नुकताच १९ चा झालेला मेस्सी बेंचवर! क्लोजेनं ८० व्या मिनिटाला बरोबरी केली, पेनल्टीत हरलो. जर्मन गोलकीपर लेहमानच्या मोज्यातली, आपला कोण पेनल्टी कुठे मारतो ते लिहिलेली ती चिठ्ठी सगळ्यांना आठवते, मला बेंचवरचा मेस्सी आठवतो. मी नववीत होतो. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो नाही, पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि खरंच दुखत होतं.

लेफ्टबॅक

पेकरमनचाही नाइलाज होता. गोलकीपर आबोन्दान्सिएरी जखमी झाला, एक बदल तिथेच गेला. तेव्हा तीनच बदल मिळायचे.

मेस्सीवेडा

तीन मिळाले ना? मग क्रूझच्या जागी मेस्सी. माझं म्हणणं एवढंच.

जुनाखेळाडू

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर लीग खेळलोय मी, टीम कुठली ते राहू दे. आमच्याकडं खेळाडू तालमीचा असतो, म्हणजे अख्ख्या पेठेचा. मला बसवलं ती मॅच आमची सगळ्यात मोठी. तीन सीझन मी फॉरवर्ड, आणि त्या दिवशी सकाळी यादी वाचली त्यात नाव न्हाई. कारण कुणी सांगितलं न्हाई.

स्टेडियम भरलेलं. आमच्या पेठेची पोरं माझ्या नावानं ओरडायला लागली. तुम्हाला वाटेल बरं वाटत असेल. अजिबात न्हाई. कोच पुढं उभा, त्याची मान लाल झालेली दिसत हुती, आणि जेवढं लोक ओरडतील तेवढा तो मला घेणार न्हाई हे मला कळत हुतं. मी गोलमागं वॉर्म-अप करत राहिलो. मांडीला लावलेल्या तेलाचा वास, पायाखाली कोरडी माती. माझ्या जागी खेळणाऱ्या पोरानं गोल मारला. सगळ्यांबरोबर मीपण उडी मारली. ती उडी कशी असती ते बेंचवर बसलेल्यालाच कळतं. आनंद खोटा नसतो, पण पाय जड असतात.

शेवटची पाच मिनिटं मिळाली. दोन वेळा बॉल पायाला लागला. मॅच आम्ही जिंकली, मिरवणूक निघाली, मी पण गुलालात. माझं आजही म्हणणं हाय की मला पंधरा मिनिटं आधी घ्यायला पाहिजे हुतं. तो पोरगा आज माझा जिवाभावाचा दोस्त हाय, रंकाळ्यावर रोज भेटतो, आणि तो पण हेच म्हणतो.

म्हणून रोनाल्डोचा चेहरा बघून मला कुणाचं बरोबर-चूक सुचलंच न्हाई. रामोसचा पहिला गोल झाला तेव्हा तो उठून टाळ्या वाजवत हुता. ते किती जड असतं मला माहीत हाय.

पेठेतला

काका, काय लिहिलंय. अंगावर काटा आला.

झुरिकहून

इथल्या ऑफिसात दुसऱ्या दिवशी स्मशानशांतता. स्विस सहकारी म्हणाला, रोनाल्डो नाही म्हटल्यावर आम्ही खूश झालो होतो, तिथेच घात झाला. त्यांचा एकमेव गोल आकांजीचा. बाकी इकडे थंडी फार, यंदा बर्फ लवकर पडलाय.

गोली

गोलकीपरांचं कुणी बोलतच नाही. २०१४ चा वर्ल्डकप, हॉलंड-कोस्टा रिका. एक्स्ट्रा टाइम संपायला काही क्षण, आणि हॉलंडचा कोच फान गालनं सिलेसनला बाहेर काढून टिम क्रूलला घातलं, फक्त पेनल्टीसाठी. सिलेसनला आधी सांगितलंच नव्हतं. क्रूलनं दोन अडवल्या, हॉलंड जिंकलं, फान गाल जादूगार ठरला. पण सेमीफायनलला अर्जेंटिनाविरुद्ध तिन्ही बदल संपले होते, पेनल्टीला सिलेसनलाच उभं राहावं लागलं आणि एकही अडली नाही. "तुझ्याच्यानं होणार नाही" असं जगासमोर सांगितलेल्या माणसाकडून चार दिवसांनी काय अपेक्षा करणार? मी गोलकीपर आहे म्हणून मला हे फार लागतं.

दोन_मुलींची_आई

मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, वर सिलेसनचं वाचलं म्हणून लिहितेय. माझी धाकटी तेरा वर्षांची. आंतरशालेय स्पर्धेत पूर्ण वेळ बेंचवर. रोज पाचला उठून सरावाला जायची. फायनलला आम्ही सगळे गेलो, आजीसुद्धा. ती बाकीच्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरून आणत होती. सरांनी एकदाही सांगितलं नाही की तुला का घेत नाही. मला निर्णयाचा राग नाही, त्यांना खेळ कळतो. न सांगण्याचा राग आहे. घरी येऊन तिनं बूट गॅलरीत ठेवले आणि म्हणाली, मी वाईट खेळते का? (कुकरची शिट्टी झाली, नंतर येते.)

जुनाखेळाडू

ताई, पोरीला सांगा ती वाईट खेळत न्हाई. वाईट खेळणाऱ्याला पहाटे पाचला कुणी उभं करत न्हाई.

शिट्टी

मी शाळेच्या मुलामुलींना शिकवतो. सोळा जणांतून अकरा काढायचे म्हणजे पाच जणांचं मन मोडायचंच, त्यातून सुटका नाही. पण सांगायचं कसं हे आपल्या हातात असतं. मी आदल्या दिवशी सांगतो, यादी लावायच्या आधी, एकेकाला बाजूला घेऊन. कारण ठोस लागतं: "उद्याच्या टीमचा राइट विंगर वेगवान आहे, म्हणून मला तिथे अमुक हवी." आणि काय सुधारलं तर जागा मिळेल तेही. मुलं रडतात, पण दुसऱ्या दिवशी सरावाला येतात.

सांतोसनं रोनाल्डोला मॅचच्याच दिवशी, जेवण झाल्यावर बोलावून सांगितलं होतं. हे खरंच चांगलं होईल असं वाटतंय का, असं रोनाल्डोनं विचारल्याचं सांतोसनंच नंतर सांगितलं. निर्णय मला पटला, वेळ नाही पटली. इतक्या वर्षांच्या कॅप्टनला हे पचवायला निदान एक रात्र द्यायला हवी होती.

सीआर७भक्त

@शिट्टी या धाग्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मनातलं बोललं.

लेफ्टबॅक

वेळेबद्दल मान्य. निर्णयाबद्दल मी हटणार नाही.

दोन_मुलींची_आई

आले परत. सगळ्यांचे आभार, जुनाखेळाडू काकांचं वाक्य तिला वाचून दाखवलं. शिट्टी सर, एक विचारू? तिचे बूट तसेही लहान झालेत. मैदान मुरुमाचं आहे, कसे घ्यावेत?

शिट्टी

लांब स्टडचे नकोत, मुरुमावर पाय मुरगळतो. तळाला छोटे रबरी स्टड भरपूर असतात ते घ्या. संध्याकाळी दुकानात जा, पाय तेव्हा थोडा सुजलेला असतो, आणि खेळायचे मोजे घालूनच माप द्या. अंगठ्यापुढे अर्धं बोट जागा पुरे, वाढत्या अंगाचे म्हणून दोन नंबर मोठे अजिबात घेऊ नका. आणि कुठल्या जागेवर खेळते ती?

दोन_मुलींची_आई

ती म्हणते लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडून बचाव.

लेफ्टबॅक

मग तिला सांगा, डाव्या पायानं भिंतीवर बॉल मारत राहायचं, रोज. डाव्या पायाची लेफ्ट बॅक शाळेच्या टीमला शोधून सापडत नाही.